वावरातल्या सेन्सरचा एसएलए: करारात नेमकं काय लिहून घ्यायचं

विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये शेवटच्या पानावर एक ओळ हमखास असते: ‘९९.९ टक्के अपटाइम’. वाचायला बरं वाटतं. ३० दिवसांच्या महिन्याचे ७२० तास, त्यातली जेमतेम ४३ मिनिटं बंद. पण ही हमी असते त्याच्या सर्व्हरची, आणि सर्व्हर बसलेला असतो शहरातल्या थंडगार डेटा सेंटरमध्ये. तिथे ना डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) जळते, ना रोही (नीलगायी) तार तुडवतात. मोर्शी-वरुडच्या संत्रा बागेतला ओलावा सेन्सर पंधरा दिवस मुका राहिला तरी कागदोपत्री ही हमी पाळलेलीच असते.

म्हणून एसएलए, म्हणजे सेवेच्या दर्जाचा करार, लिहिताना मोजमाप वावरातून सुरू करायचं आणि कास्तकाराच्या मोबाइलवर संपवायचं. मधल्या कोणत्या कडीत बिघाड झाला हे शोधणं विक्रेत्याचं काम.

पुढचं सगळं एका नमुन्याच्या जोडणीवर समजून घेऊ. एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. तिच्याकडे ४० ओलावा नोड, २ हवामान केंद्रं, १५ मोटर कंट्रोलर आणि गावातल्या पाण्याच्या टाक्यांवर बसवलेले २ लोरा गेटवे आहेत. नोड म्हणजे वावरात बसवलेलं सेन्सरचं खोकं, आणि लोरा गेटवे म्हणजे नोडांचे लांब पल्ल्याचे रेडिओ निरोप गोळा करून पुढे पाठवणारं खोकं. गेटवेपासून पुढे मोबाइल इंटरनेट, क्लाउड आणि ॲप.

आधी निर्णय लिहा, मग आकडे

प्रत्येक उपकरणासमोर एकच प्रश्न लिहा: याच्या आकड्यावर कोणता निर्णय घेतला जाणार आहे, आणि आकडा उशिरा आला तर किती उशीर चालेल?

ओलावा सेन्सर पाणी कधी द्यायचं ते सांगतो. तासाला एक नोंद पुरते आणि ती दोन तास उशिरा आली तरी बिघडत नाही. कोणी ‘दर मिनिटाला डेटा’ देतो म्हणाला तर खूश होऊ नका, त्यात बॅटरी मरते आणि झाडाला काही फरक पडत नाही. पर्जन्यमापकावर फवारणीचा निर्णय असतो, तिथे १५ मिनिटांची नोंद हवी आणि ती पुढच्या १५ मिनिटांत दिसायला हवी. मोटरचा मामला वेगळाच. कोरडी चालली, एक फेज गेली, तर सूचना दोन मिनिटांत फोनवर यायला हवी, नाहीतर वाइंडिंग जळाल्यावर येणाऱ्या सूचनेचं करायचं काय?

म्हणजे एकाच करारात तीन वेगळे ‘वेळेवर’ आहेत. सगळ्यांना एकच टक्केवारी लावणारा मसुदा तिथेच परत करावा.

किती टक्के मागावेत

साखळीचं गणित आधी करा. नोड ९८ टक्के वेळ चालू, गेटवे ९७, इंटरनेट ९९, क्लाउड व ॲप ९९.५. चारही एकामागे एक असल्यामुळे गुणाकार होतो: ०.९८ × ०.९७ × ०.९९ × ०.९९५, म्हणजे सुमारे ९३.६ टक्के. महिन्याचे जवळपास ४६ तास अंधार, आणि प्रत्येक भाग मात्र ‘चांगला’ चालतोय.

आता गेटवेला बॅटरीचा आधार दिला आणि इंटरनेट गेल्यावर नोंदी साठवून नंतर पाठवायची सोय केली, तर मधल्या दोन कड्यांमुळे नोंदी हरवत नाहीत, फक्त उशिरा येतात. उरतात ९८ आणि ९९.५, गुणाकार ९७.५. यातून थोडी ढील सोडली की नोडमागे ९५ टक्के ही मागणी रास्त ठरते. उगाच ९९ मागू नये. विक्रेता एकतर दर फुगवतो, नाहीतर कोण मोजायला बसलंय म्हणून डोळे झाकून सही करतो. दुसरंच जास्त होतं.

पण नुसतं ‘९५ टक्के’ लिहिलं तर त्यात दोन भगदाडं राहतात. पहिलं सरासरीचं. ४० पैकी ३८ नोड पूर्ण महिना चालले आणि दोन पूर्ण महिना मेलेले होते, तरी सरासरी ९५ टक्केच येते. त्या दोन बागायतदारांनी पैसे मात्र पूर्ण भरलेले असतात. दुसरं भगदाड सलग खंडाचं. तासाला एक म्हणजे महिन्याच्या ७२० नोंदी, ९५ टक्के म्हणजे ६८४. उरलेल्या ३६ इकडेतिकडे विखरून गेल्या तर कळतही नाही. त्याच सलग गेल्या तर दीड दिवस आकडा नाही, आणि ते जर आंबिया बहारासाठी झाडाला दिलेला पाण्याचा ताण तोडायचे, म्हणजे पुन्हा पाणी सुरू करायचे दिवस असले तर सेन्सर घेतला कशाला, हा प्रश्न कोणीही विचारेल.

ही दोन्ही भगदाडं बुजवणारं कलम असं लिहिता येतं:

‘प्रत्येक नोडसाठी, प्रत्येक कॅलेंडर महिन्यात, अपेक्षित नोंदींपैकी किमान ९५ टक्के नोंदी वैध स्वरूपात, मोजल्यापासून ७२ तासांच्या आत खरेदीदाराच्या खात्यात जमा झाल्या पाहिजेत. त्यांपैकी ९० टक्के नोंदी २ तासांच्या आत दिसल्या पाहिजेत. नोंदींमध्ये सलग ६ तासांहून मोठा कायमचा खंड महिन्यातून एकदाच माफ राहील. हिशोब नोडनिहाय होईल. सर्व नोडची सरासरी ग्राह्य धरली जाणार नाही.’

यातला ‘वैध’ हा शब्द पुढे वेगळ्या कलमात बांधून घ्यायचा आहे. ‘मोजल्यापासून’ हाही महत्त्वाचा. प्रत्येक नोंदीवर दोन वेळा असल्या पाहिजेत, एक मोजल्याची आणि एक सर्व्हरवर पोचल्याची. बरेच स्वस्त नोड स्वतःची वेळ ठेवतच नाहीत, सर्व्हर पोचल्याची वेळच चिकटवतो. मग दहा तासांच्या साठलेल्या नोंदी एकाच मिनिटाला पडलेल्या दिसतात. घड्याळाचा घोळ आणखी एका ठिकाणी होतो. सर्व्हर जागतिक वेळेवर चालतो, आपण साडेपाच तास पुढे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा धरतात. ॲप मध्यरात्री दिवस तोडत असेल तर महसूल मंडळाच्या आकड्याशी तुमचा पाऊस कधीच जुळणार नाही. करारात ‘भारतीय प्रमाणवेळ, पावसाचा दिवस ०८:३० ते ०८:३०’ एवढं लिहिलं की वाद संपतो.

लाइट जाणं हे कारण चालणार नाही

मसुद्यातल्या अपवादांच्या यादीत ‘वीजपुरवठा खंडित झाल्यास’ ही ओळ असतेच. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज दिवसातून आठ-दहा तास, कधी दिवसपाळी तर कधी रातपाळी. हा अपवाद मान्य केला तर वर्षातला निम्म्याहून जास्त काळ करारच लागू राहत नाही. लाइट जाणार हे गृहीत धरूनच यंत्रणा बसवली पाहिजे.

गेटवेचं गणित सोपं आहे. ५ वॅट खातो म्हणा, ४८ तासांना २४० वॅट-तास लागतील. १२.८ व्होल्ट, ३० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्के वापरली तर सुमारे ३०७ वॅट-तास देते. म्हणजे दोन दिवस निघून वर थोडं शिल्लक. सोबत लहान सोलर पॅनल असेल तर सहसा तिथवर जायची वेळच येत नाही. तेव्हा कलम असं: ‘सलग ४८ तासांपर्यंत वीज नसणे हा अपवाद मानला जाणार नाही.’ साठवणुकीचंही तसंच. ४० नोड, रोज २४ नोंदी, ७ दिवस, म्हणजे ६,७२० नोंदी. प्रत्येकी ५० बाइट धरले तरी ३३६ किलोबाइट. त्यामुळे ‘मेमरी पुरत नाही’ हे कारण कोणी देत असेल तर ते ऐकून घेऊ नका.

नेटवर्कचा अपवाद मात्र विचार करून द्यावा. टॉवरच बंद पडला तर विक्रेता काय करणार, हे खरं आहे. पण सिम कोणतं टाकायचं हे त्यानेच ठरवलेलं असतं. फक्त टूजी मॉडेम असलेल्या खोक्यात जिओचं सिम चालत नाही, कारण त्यांचं टूजी जाळंच नाही. गेटवेत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम आणि फोरजी मॉडेम ही अट घाला. दोन्ही कंपन्या एकाच वेळी बंद असतील तेवढाच काळ अपवाद.

आकाशातली वीज पडणं हा अपवाद राहील, पण अर्थिंग नीट असेल तरच. अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत, आणि तो मे महिन्यात मोजायचा. पावसाळ्यात काळी माती ओली असते, तेव्हा कोणतंही अर्थिंग पास होतं.

आकडा आला, पण खरा आहे का?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण हिरवा दिवा लागलेला असतो आणि आकडे येत असतात.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. सेन्सरच्या दांड्यांभोवती हवेची फट राहिली की तो हवा मोजतो आणि माती आहे त्याहून कोरडी सांगतो. उलट फटीत पाणी उतरलं तर एकदम चिंब. सेन्सर बनवणाऱ्या कंपनीने छापलेली ±३ टक्के अचूकता बहुतेक वेळा हलक्या-मध्यम मातीतली असते. भारी चिकणमातीत तीच धरून चालता येत नाही. म्हणून बसवताना त्याच खड्ड्यातल्या मातीचा लगदा करून दांड्या घट्ट बसवणं, आणि जागेवर कॅलिब्रेशन करणं, म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या ओलाव्याशी जुळवणं, हे करारातलं काम म्हणून लिहा. वर्षातून दोनदा: एकदा पावसाळा ओसरल्यावर, एकदा एप्रिलमध्ये.

तपासणीची पद्धतही लिहा, नाहीतर विक्रेता त्याच्याच दुसऱ्या सेन्सरशी ताडून दाखवेल. सेन्सरशेजारून त्याच खोलीवरची माती घ्यायची, वजन करायचं, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास वाळवून पुन्हा वजन करायचं. ओली १२८ ग्रॅम आणि वाळून १०० ग्रॅम भरली तर वजनी ओलावा २८ टक्के. सेन्सर घनफळाचा ओलावा दाखवतो, म्हणून त्याला मातीच्या घनतेने गुणायचं, घनता १.२५ असेल तर ३५ टक्के. घनताही त्याच वावरात मोजलेली हवी. कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा महाविद्यालयाच्या माती प्रयोगशाळेत हे होऊ शकतं. सेन्सर आणि ओव्हन यांत ४ टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर त्या नोडच्या नोंदी दुरुस्तीपर्यंत अवैध धरायच्या.

पर्जन्यमापक तर धुऱ्यावर उभं राहून तपासता येतो. फनेलचा व्यास २० सें.मी. असेल तर तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सें.मी. होतं. म्हणजे ३१४ मि.लि. पाणी बरोबर १० मि.मी. पाऊस. सलाइनच्या नळीने किंवा तळाला बारीक भोक पाडलेल्या बाटलीने अर्ध्या-पाऊण तासात थेंब थेंब सोडा. आतली छोटी बादली दर ०.२ मि.मी.ला पलटणारी असेल तर ती ५० वेळा पलटायला हवी. भसकन ओतलं तर बादली पलटतानाच पाणी निसटतं आणि आकडा कमी येतो, मग विक्रेता चाचणीच चुकीची म्हणेल, आणि ते खरंही असेल. ९.५ ते १०.५ मध्ये आलं तर पास. पहिल्या पावसाआधी ही चाचणी सक्तीची ठेवा, कारण उन्हाळ्यात फनेलमध्ये कोळ्याची जाळी, पाखरांची विष्ठा आणि धूळ साचते, आणि मृगाचा पहिला पाऊस पडूनही ॲपवर शून्य दिसतं.

‘वैध नोंद’ याची व्याख्या आता अशी करता येते: शक्य मर्यादेतली, सलग २४ तास दशांशापर्यंत तीच न राहिलेली, आणि शेजारच्या केंद्रापेक्षा टोकाची वेगळी असेल तर पाहणी झालेली. पावसासाठी मंडळातलं महावेधचं (स्वयंचलित हवामान केंद्रांच्या जाळ्यातलं) केंद्र शेजारी म्हणून धरता येईल, पण वळवाचा पाऊस एका शिवारात पडतो आणि दुसऱ्यात नाही, त्यामुळे फरक दिसला की लगेच दंड लावू नये. आधी संशयित म्हणून खूण, मग पाहणी.

मोटरचं कलम वेगळं

इथे टक्केवारीपेक्षा सुरक्षितता आधी. चार गोष्टी ठासून लिहाव्यात.

ॲपवर ‘मोटर चालू’ हे नुसता रिले (मोटरला वीज जोडणारा स्विच) पडल्यावर दिसू नये. तिन्ही फेजमध्ये करंट आल्यावरच दिसावं. रिले पडला आणि फ्यूज गेलेला असला तर बाग कोरडी आणि मोबाइल हिरवा.

आज्ञा शिळी होऊ नये. संध्याकाळी बटण दाबलं, लाइट नव्हती, रात्री दोनला आली आणि मोटर आपोआप सुरू झाली. त्या वेळी विहिरीत कोणी फूटव्हॉल्व्ह काढत असेल तर? दहा मिनिटांत आज्ञा पार पडली नाही तर ती रद्द व्हावी आणि ‘लाइन नाही’ असा निरोप यावा. तो निरोप लाइट नसताना पाठवायचा तर कंट्रोलरमध्ये स्वतःची बॅटरी लागते, तेव्हा तीही अटीत घाला. याच कारणासाठी स्टार्टरवरचा जुना ऑटो स्विच काढून टाकायची अटही हवी, नाहीतर कंट्रोलर शहाणा आणि स्टार्टर अडाणी अशी जोडी होते.

संपर्क तुटला तर ठरलेल्या वेळेनंतर मोटर जागेवरच बंद व्हावी, आणि हाताने बंद करायचं बटण कोणत्याही परिस्थितीत चाललं पाहिजे.

आज्ञा ते करंटची खात्री: लाइट असताना ९५ टक्के वेळा ६० सेकंदांत. हे विक्रेत्याच्या तंत्रात बसतं का ते आधी विचारा. लोरावॅनमधलं, म्हणजे लोरा जाळ्याच्या नियमांतलं, ‘क्लास ए’ उपकरण स्वतः निरोप पाठवल्यानंतरच काही क्षण ऐकतं. बॅटरीवरचा व्हॉल्व्ह दर १५ मिनिटांनी बोलत असेल तर आज्ञेला १५ मिनिटांपर्यंत थांबावं लागेल, कितीही दंड लावा. ठिबकच्या व्हॉल्व्हला तेवढं चालतं. मोटरला ‘क्लास सी’, म्हणजे सतत ऐकणारं, किंवा थेट फोरजी हवं.

दुरुस्ती आणि पांदण

‘२४ तासांत दुरुस्ती’ हे वाक्य जुलैमध्ये खोटं पडतं, कारण पांदण रस्त्यात गाडी जात नाही आणि तंत्रज्ञ नागपूर-अमरावतीहून निघायचा असतो. त्याला शिव्या देऊन पांदण सुधारत नाही. त्यापेक्षा ५ टक्के सुटे नोड, एक गेटवे आणि दोन कंट्रोलर गावातच ठेवायची अट घाला, आणि गावातल्या दोन पोरांना अदलाबदल शिकवून ठेवायची. नोड बदलणं म्हणजे चार स्क्रू, एक केबल आणि क्यूआर कोड. त्याला इंजिनिअर लागत नाही.

मुदती साधारण अशा: मोटर आपोआप सुरू होणं किंवा बंद न होणं यासाठी १५ मिनिटांत फोन, ४ तासांत माणूस जागेवर; गेटवे बंद पडला तर २४ तास; एकटा नोड बंद पडला तर ७२ तास. घड्याळ सुरू व्हायचं ते बिघाड झाल्यापासून, तक्रार नोंदवल्यापासून नाही. नोड गप्प झाला हे यंत्रणेलाच आधी कळतं.

तुटफुटीचा खर्च आधीच वाटून घ्या. डवरणीत तार तुटली तर कास्तकाराकडे, पण तार ३० सें.मी. खोल आणि पाइपातून नेलेली नसेल तर विक्रेत्याकडे. रानडुकरं, रोही यांनी खांब पाडला तर सामान कास्तकाराचं, मजुरी विक्रेत्याची. पाणी शिरल्याची जबाबदारी विक्रेत्याचीच: आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं, तुंबलेल्या वावरात चार दिवस नाही. म्हणून खोका जमिनीपासून दीड मीटर वर.

आणि स्वीकृती चाचणी मे महिन्यात उरकू नका. रिकाम्या रानात सिग्नल कुठूनही पोचतो. सप्टेंबरात तूर डोक्यावर गेलेली आणि पानं ओली असतात, तेव्हा तोच नोड अडखळतो. अंतिम चाचणी उभ्या पिकात घ्यावी आणि उपकरणांच्या किमतीतले १५-२० टक्के तोवर रोखावेत.

मोजणार कोण, कापणार किती

विक्रेत्याच्या डॅशबोर्डवर त्याचीच टक्केवारी बघून बिल मंजूर करायचं असेल तर वरची सगळी कलमं वाया. रोज रात्री सगळ्या कच्च्या नोंदींची सीएसव्ही फाइल (स्प्रेडशीटमध्ये उघडणारा साधा तक्ता) शेतकरी कंपनीच्या ईमेलवर यायला हवी. महिन्याअखेरी स्प्रेडशीटमध्ये नोडनिहाय नोंदी मोजायला एक सूत्र पुरतं. फाइल आली नाही तर त्या दिवसाच्या नोंदी आल्याच नाहीत असं धरायचं. ही अट घातली की फाइल चुकत नाही.

कपात पायऱ्यांनी ठेवा: ९५ च्या खाली पण ९० पर्यंत त्या नोडच्या मासिक शुल्कातले १० टक्के, ८० पर्यंत २५ टक्के, त्याखाली पूर्ण शुल्क. ताण तोडायच्या आणि बहार धरायच्या महिन्यांत दुप्पट, अर्थात शुल्काच्या मर्यादेत. रक्कम बिलातून आपोआप वजा व्हावी, अर्ज करायला लावू नये. लाखांचे दंड लिहून घेण्यात अर्थ नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. त्याच्या आत वाजवी भरपाईच मिळते. एखादा नोड सलग तीन महिने ८० च्या खाली राहिला तर तो परत करून पैसे मागायचा हक्क, हा दंडापेक्षा जास्त कामाचा.

करार संपतो तेव्हा

डेटा कास्तकाराचा, आणि त्याच्या नावासकट तो बियाणं-खत कंपनीला किंवा विमावाल्याला द्यायचा तर लेखी संमती, हे एका वाक्यात. करार संपल्यावर ३० दिवसांत सगळ्या जुन्या नोंदी सीएसव्हीत. उपकरणांतली १३ अंकी एमटूएम (यंत्रा-यंत्रांतल्या संपर्काची) सिम कोणाच्या नावावर आहेत ते बघा. विक्रेत्याच्या नावावर असतील तर हस्तांतराची अट.

बहुतेक करारांत एक गोष्ट राहून जाते. लोरावॅनच्या प्रत्येक नोडची गुप्त किल्ली विक्रेत्याच्या सर्व्हरवर असते. त्याने धंदा बंद केला तर ती किल्ली नसताना ४० चांगले नोड दुसऱ्या कोणाच्याही सर्व्हरला जोडता येत नाहीत. बसवतानाच सगळ्या नोडचे ओळख क्रमांक आणि किल्ल्या यांची यादी सीलबंद पाकिटात शेतकरी कंपनीच्या कपाटात ठेवायची. यादी बरोबर आहे का, हे एक नोड दुसऱ्या सर्व्हरवर प्रत्यक्ष जोडून तपासायचं, आणि तो जोडला गेल्यावरच रोखलेला हप्ता सोडायचा.